लिंच, केंटकी: कंपनीने वसवलेलं, कंपनीनेच सोडलेलं गाव

क्वार्टरकर (धागाकर्ता)
रविवार, रात्री ११:०५

"तुमचं गाव कुठलं?" या प्रश्नाला मला अजून धड उत्तर देता येत नाही. आजोबांचं गाव वर्धा जिल्ह्यात, तिथे मी सगळे मिळून पंधरा दिवस राहिलो असेन. वाढलो कोळसाखाणीच्या कॉलनीत. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आणि आता तर ती अख्खी ओळच पाडलीय म्हणे. एवढं पाल्हाळ अशासाठी, की गेल्या आठवड्यात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लिंच या कोळसाखाणीच्या गावाला जाऊन आलो आणि तेव्हापासून डोकं तिथेच अडकलंय.

लेक्सिंग्टनहून तीन-साडेतीन तास. हार्लन गेलं की कंबरलँड, बेनहॅम आणि शेवटी लिंच, एकाला एक लागून. दरी इतकी अरुंद की रस्ता, ओढा, रूळ आणि घरांच्या एक-दोन ओळी मावल्या की संपली. वर ब्लॅक माउंटन, केंटकीतला सर्वात उंच डोंगर, १२६३ मीटर. (कळसूबाईसमोर उभा केला तर खांद्याशी येईल.)

१९१७ पर्यंत इथे गाव नव्हतंच. पहिलं महायुद्ध चालू होतं, पोलादाला मरणाची मागणी होती, आणि यू एस स्टील या पोलाद कंपनीला इंडियानातल्या गॅरीच्या भट्ट्यांसाठी कोक (कोळसा भाजून केलेलं भट्टीचं इंधन) होईल असा कोळसा हवा होता. कंपनीने इथे एकोणीस हजार एकरांच्या आसपास जागा घेतली, यू एस कोल अँड कोक या उपकंपनीला कामाला जुंपलं आणि त्याच वर्षी कोळसा बाहेर पडायला लागला. लिंच हे नाव कंपनीच्या एका अध्यक्षाचं, टॉमस लिंचचं. जमावाने मारण्याशी, म्हणजे लिंचिंगशी, त्याचा काही संबंध नाही. मलाही आधी तेच वाटलं होतं.

डोंगरात माणसं नव्हती, म्हणून माणसं आणली. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलेले हंगेरियन, इटालियन, पोलिश. अलाबामाच्या खाणींतून आणलेले कृष्णवर्णीय. अडतीस देशांची माणसं होती असं तिथे सांगतात. माणसं आली तर ती राहणार कुठे? म्हणून घरं. खाणार काय? म्हणून दुकान. मग इस्पितळ, शाळा, हॉटेल, नाचघर, पाणी, वीज, पोलीस. १९४० च्या दशकात वस्ती दहा हजारांवर गेली. फेब्रुवारी १९२३ मध्ये एका नऊ तासांच्या पाळीत साडेबारा हजार टनांहून जास्त कोळसा काढून त्यांनी जागतिक विक्रम केला. कोळसा चाळून वाघिणीत भरायचा तिथला टिपल तेव्हा जगातला सर्वात मोठा म्हणून गाजला होता.

आता २०१० ची जनगणना ७४७ माणसं सांगते, २०२० ची साडेसहाशेच्या आसपास.

जुनी ३१ नंबरची खाण (पोर्टल ३१) १९६३ ला बंद झाली. आता तिथे पर्यटकांसाठी छोटी गाडी आहे. लॅम्प हाऊसमध्ये तिकीट काढायचं, हेल्मेट घालायचं आणि रुळावरून आत. आत यांत्रिक पुतळे बोलतात, प्रत्येक जण आपापल्या काळाची गोष्ट सांगतो. पुतळ्यांचं सोडा, ते हलायला लागले की हसू येतं. पण आत शिरताना जो थंड, ओला, दगड-तेल-लाकूड मिसळलेला वास आला ना, मी ताडकन सरळ बसलो. बाबांच्या पहिल्या पाळीच्या बुटांचा वास होता तो. पंचवीस वर्षांनी, तेरा हजार किलोमीटरवर.

बाहेर आलो तर बाकड्यावर एक आजोबा बसलेले. बोलता बोलता कळलं की जन्म इथलाच, आयुष्य डेट्रॉइटला गेलं, दरवर्षी येतात. म्हटलं, घर आहे का इथे? म्हणाले, घर कंपनीचं होतं, पाडलं. मग कशाला येता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

तर प्रश्न असा: कॉलनीत वाढलेले इथे कुणी आहेत का? जिथला एक खिळाही आपला नव्हता त्या जागेचा एवढा जीव का लागतो?


चंद्रपूरची लेक
सोमवार, सकाळी ८:२०

आहे! बी टाइप, शेवटून दुसरी ओळ, मागे पेरूचं झाड.

भोंगा आठवतो का? आमच्या घरी घड्याळ शोभेला होतं. भोंग्यावर आई कुकर लावायची, भोंग्यावर आम्ही शाळेला निघायचो. आणि भोंगा अवेळी वाजला की सगळ्या बायका दारात. कुणी काही बोलायचं नाही, नुसतं फाटकाकडे बघत उभं राहायचं. मी सहा-सात वर्षांची असेन, आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. बाबा संध्याकाळी आले. शेजारच्या ओळीतले एक काका नाही आले.

बाकी सगळं फुकट. पाणी फुकट, वीज फुकट, शेगडीला कोळसा फुकट. लग्न होऊन पुण्याला आले आणि पहिलं वीजबिल हातात पडलं तेव्हा नवऱ्याला विचारलं, हे दर महिन्याला येतं? तो अजून चारचौघांत सांगतो.


तिरकस
सोमवार, सकाळी १०:४१

लेख छान, पण गुलाबी चष्मा जरा पुसून घ्या राव.

लिंचसारख्या गावांत फुकट काहीच नव्हतं. घरभाडं, डॉक्टर, दिव्याचे पैसे, हत्यारांना धार लावायचे पैसे, सगळं पगारातून आधी कापलं जायचं. पगाराच्या आधी गरज पडली तर डॉलर नाही, कंपनीची स्वतःची नाणी मिळायची, आणि ती चालायची फक्त कंपनीच्या दुकानात. म्हणजे उजव्या हाताने दिलेला पैसा डाव्या हाताने परत.

आणि घर हा सगळ्यात मोठा लगाम. नोकरी गेली की घर गेलं. युनियनचं नाव काढलंत तर त्याच संध्याकाळी सामान रस्त्यावर. कामाला लागताना "मी युनियनमध्ये जाणार नाही" अशा करारावर सही घ्यायचे, त्या कराराला तिकडे पिवळ्या कुत्र्याचा करार म्हणत. हार्लन परगण्याला "ब्लडी हार्लन" हे नाव काही गंमत म्हणून पडलं नाही. ५ मे १९३१ ला एव्हर्ट्सला खाणकामगार आणि खाणमालकांचे बंदूकधारी यांच्यात गोळीबार झाला, चार माणसं मेली.

कंपनी शाळा बांधते, इस्पितळ बांधते, मैदान करून देते, कारण माणूस टिकवायचा असतो आणि संघटना होऊ द्यायची नसते. गुराला गोठा बांधतात तो प्रेमाने नाही.


क्वार्टरकर
सोमवार, दुपारी ४:१५ (तिकडची सकाळ)

@तिरकस, मुद्दा मान्य आणि लेखात यायला हवा होता. फक्त एक भर. लिंच ही "कॅप्टिव्ह" खाण, म्हणजे कोळसा बाजारात न विकता मालकाच्याच पोलाद कारखान्यात जायचा. त्यामुळे मंदीतही लिंचची हालत आजूबाजूच्या लहान मालकांच्या खाणींपेक्षा बरी राहिली, घरंही बरी होती, दगडी इमारती तर अजून उभ्या आहेत. पण युनियनला विरोध करण्यात मोठा मालक लहान मालकापेक्षा मागे नव्हता. पोलाद कंपन्यांच्या खाणींत सगळे कामगार युनियनचेच असतील, हे लवादाने मान्य केलं तो निकाल जाहीर झाला ७ डिसेंबर १९४१ ला. त्या दिवशी पर्ल हार्बर झालं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याला कुठे कोपऱ्यात जागा मिळाली असेल ती असेल.

@चंद्रपूरची लेक, पेरू! आमच्याकडे सीताफळ. भोंग्याचं वाचून मी पाच मिनिटं काही केलं नाही.


माजी_सरदार
सोमवार, रात्री ९:३०

नमस्कार मंडळी. सरदार म्हंजे पगडीवाला नाई, मायनिंग सरदार. एकतीस वर्सं अंडरग्राउंड काढले. टायपिंग नातवानं शिकवलं हाय, चुकभूल मापी.

थे आपल्या लोकाइले समजत नाई म्हनून सांगतो. खानीत सगळ्यात मोठी गोष्ट कोळसा नाई, छत. पाळी सुरू व्हाच्या आधी सरदार काठी घेऊन पुढं जाते आन् छत ठोकून पाह्यते. घट्ट असलं तं टन्न आवाज येते, भांडं वाजल्यावानी. पोकळ असलं तं भद्द. एक हात वरती टेकवून ठेवा लागते, म्हंजे ठोकल्यावर दगड थरथरला तं बोटाले समजते. कान दगा देऊ शकते, बोट देत नाई. भद्द आलं का तिथं टेकू लावल्याबिगर मी कोनाले जाऊ देत नव्हतो, मंग मॅनेजर उभा असो का त्याचा बाप.

थ्या अमेरिकेच्या खानीत लाकडाचे टेकू हायत का बोल्ट? आन् दुसरं इचारायचं होतं, दिव्याच्या खिडकीपाशी टोकनाची पाटी असते, तुमी पाह्यली का? खाली जाताना टोकन दिलं का दिवा भेटते. वर आलं का दिवा देऊन टोकन वापस. पाळी सुटल्यावर पाटीवर एक टोकन जास्तीचं लटकून राह्यलं का समजायचं, मानूस खालीच हाय. बाईनं भोंग्याचं लिहिलं तं मले थे पाटी याद आली.


आगाऊ_कार्टा
सोमवार, रात्री १०:०२

सरदार काका, __/\__
असल्या एका प्रतिसादासाठी इथे पडीक असतो.

एक बाळबोध शंका: लिंचचा कोळसा संपला म्हणून गाव बसलं का?


क्वार्टरकर
मंगळवार, पहाटे ५:५०

@आगाऊ_कार्टा, शंका बाळबोध नाही, मीही तेच गृहीत धरून गेलो होतो. पण नाही. कोळसा डोंगरात अजून आहे. संपलं ते कोळशाला लागणाऱ्या हातांचं काम.

सुरुवातीला कोळसा फोडून फावड्याने डब्यात भरायचे, माणशी टनावर पैसे. मग भरायला यंत्र आलं. १९४८ च्या सुमाराला कंटिन्युअस मायनर आला, म्हणजे दातेरी ढोल कोळसा खरवडतो आणि मागच्या पट्ट्यावर टाकतो. सुरुंगही नको आणि फावडंही नको. १९५० मध्ये खाणकामगारांचे पुढारी जॉन एल. लुईस यांच्या युनियनने मालकांशी करार केला: यंत्रं आणा, आम्ही आडवे येणार नाही, पण जे राहतील त्यांना चांगला पगार आणि दर टनामागे आरोग्य-पेन्शन निधीत पैसे. त्याच सुमाराला रेल्वेने वाफेची इंजिनं मोडीत काढून डिझेल आणलं आणि घरांच्या भट्ट्यांत कोळशाच्या जागी गॅस आणि तेल आलं. अमेरिकेत १९२३ मध्ये आठ लाखांवर खाणकामगार होते, १९६० मध्ये दोन लाखसुद्धा उरले नव्हते.

आता लिंचमधली गंमत (गंमत कसली). कामगार कमी झाले तसं गाव कंपनीला ओझं व्हायला लागलं. छप्परं कोण शाकारणार, नळ कोण दुरुस्त करणार? मग १९६० च्या दशकात कंपनीने राहत्या लोकांनाच घरं विकली, नको असलेली पाडली, आणि १९६३ मध्ये लिंच रीतसर नगरपालिका झालं. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं तुम्हाला खिळा ठोकायचा हक्क नव्हता, आणि पैसा आटल्यावर कंपनी म्हणते, घ्या, गाव तुमचं. जुने नळ, जुनी गटारं, जुन्या भिंती, सगळं तुमचं. १९८४ मध्ये खाणीही आर्च मिनरलला विकून यू एस स्टील मोकळी झाली.

@माजी_सरदार, काका, आधी लाकडी टेकू, नंतर छताला बोल्ट. पर्यटकांच्या भागात दोन्ही दिसतात. पाटीचं नीट बघितलं नाही, मुलाने बरेच फोटो काढलेत, त्यात शोधतो.


वणीकर_वावर
मंगळवार, दुपारी १२:३५

सगळ्यांच्या क्वार्टरच्या आठवणी वाचल्या. पेरू, सीताफळ, भोंगा. छान.

आता माझी ऐका. तुमच्या कॉलन्या ज्या जागेवर होत्या ना, तिथे आधी कुणाचं तरी वावर होतं. आमचं होतं. काळी जमीन, कपाशी आणि तूर, धुऱ्यावर दोन मोहाची झाडं. मी नववीत असताना ते खाणीत गेलं. आज तिथे ओबीचा (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचा) ढिगारा आहे, आमच्या नव्या घराच्या गच्चीवरून दिसतो. एप्रिल-मेमध्ये वारा सुटला की वाळत घातलेलं धोतर राखी होऊन येतं. मोबदला मिळाला, मोठ्या भावाला नोकरी लागली, खोटं बोलणार नाही. पण भाऊ रिटायर झाला की नोकरी संपली, आणि वावर काही परत येणार नाही. आमच्यासारख्यांचं "गाव कुठलं" विचारलं तर निदान सांगता येतं, पण दाखवता येत नाही.

त्या लिंचच्या डोंगरात आधी कुणीच नव्हतं असं धागाकर्ते म्हणतात. खरंच नव्हतं?


क्वार्टरकर
मंगळवार, संध्याकाळी ५:१०

@वणीकर_वावर, बरोबर पकडलंत. मी कंपनीच्या माहितीफलकाची भाषा जशीच्या तशी उचलली. डोंगरात शेतकरी होतेच, मक्याची तुटपुंजी शेतं, डुकरं आणि लाकूडतोड यावर जगणारे.

त्यांची जमीन कशी गेली ते ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेरचे दलाल या डोंगरांत फिरले आणि लोकांकडून जमिनीच्या पोटातल्या खनिजाचे हक्क एकराला अर्धा डॉलर अशा भावाने लिहून घेतले. अर्धेअधिक लोक अंगठेबहाद्दर. वरची जमीन तुमची, नांगरा, पेरा. पोटातलं आमचं, आणि ते काढायला वर जे काही करावं लागेल तेही आमच्या मर्जीने. या दस्ताला ब्रॉड फॉर्म डीड म्हणत. तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की पुढे डोंगर वरून सोलून काढायची यंत्रं येतील. ती आली तेव्हा नातवंडांच्या शेतावर बुलडोझर चढले, आणि कोर्टं वर्षानुवर्षं म्हणत राहिली की आजोबांनी सही केलीय. शेवटी १९८८ मध्ये केंटकीच्या लोकांनी मतदान करून राज्यघटनेत दुरुस्ती केली तेव्हा ते थांबलं.

आपल्याकडे जमीन गेली तर निदान दोन एकराला एक नोकरी असा काहीतरी हिशेब कोल इंडियाच्या धोरणात आला. तोही किती जणांच्या पदरात नीट पडला हे तुम्हीच सांगा.


जुनीपुराणी
मंगळवार, रात्री ८:४५

इतिहासाचा किडा असल्याने थोडं अवांतर.

आपल्याकडे "खाण बंद, गाव बंद" झालं नाही याचं जुनं उदाहरण वरोरा. १८७० च्या दशकात तिथे सरकारी कोळसाखाण चालू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून मुद्दाम रेल्वे आणली. १९०६ मध्ये खाण बंद पडली. पण वरोरा कापसाची बाजारपेठही होतं, रूळ होताच, गाव चालत राहिलं. आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, कोळसा कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. बल्लारपूरलाही कोळशाच्या जोडीला कागद आणि रेल्वे जंक्शन होतं. लिंचला कोळशाखेरीज होतं काय? दरीत धड शेत मावेना आणि रस्ता जातो तो डोंगर चढून व्हर्जिनियात.

आणि बंद खाण गप्प बसते असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातले लोक वेळेवर बाहेर पळाले म्हणून वाचले. फोटो बघितले असतील तर आठवेल, घराच्या जागी विहिरीसारखा खड्डा.


ओहायोची_मावशी
बुधवार, सकाळी ६:३०

क्वार्टरकर, तुमच्या त्या बाकड्यावरच्या आजोबांचं कोडं मी सोडवते.

मी क्लीव्हलँडला नर्स होते, आता रिटायर. आमच्या वॉर्डात एक कृष्णवर्णीय सहकारी होती, तिचे आईवडील दोघंही लिंचचे. दर सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीत ती गायब. एकदा विचारलं तर म्हणाली, "गावच्या लोकांना भेटायला." कुठे? "यंदा शिकागो." मला कळेना, गाव केंटकीत आणि भेट शिकागोत?

तर असं आहे. लिंच-बेनहॅम-कंबरलँडमधले कृष्णवर्णीय कामगार आणि त्यांची मुलं काम संपलं तसे क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो, न्यूयॉर्क असे पांगले. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ईस्टर्न केंटकी सोशल क्लब काढला, आणि दरवर्षी एका शहरात जमायला लागले. शेकडो लोक. म्हणजे गाव उरलं नाही, तर गावच फिरतं केलं, आपल्या पालखीसारखं!

आता तिरकसरावांच्या मुद्द्याला धरून: हेच लोक त्या गावात वेगळ्या ओळीत राहायचे. शाळा वेगळी, लिंच कलर्ड स्कूल, १९२३ ची, १९६३ पर्यंत वेगळीच चालली. खाली खाणीत सगळे सारखेच काळे, ती हसून सांगायची, वर आलं की पुन्हा रंग दिसायला लागायचे. पण त्याच शाळेबद्दल बोलताना तिच्या आईचे डोळे भरून यायचे. शिक्षक कडक, गणवेश कडक, आणि "तू खाणीत जायचं नाहीस, शिकायचंस" हे रोज. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या तोंडून ऐकल्यात मी, एकाच जेवणाच्या सुट्टीत.


चंद्रपूरची लेक
बुधवार, सकाळी ९:०५

मावशी, वेगळ्या ओळींचं वाचून गप्प झाले. आमच्याकडे रंग नव्हता, पण ए टाइप, बी टाइप, सी टाइप होतं की. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गुलमोहर, आमच्या ओळीत उघडी नाली. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं हे क्वार्टरच्या टाइपवरून ठरायचं, कुणी न सांगता. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण बंगल्यातली होती. ती माझ्याकडे यायची, मी तिच्याकडे फाटकापर्यंत.

वणीकर भाऊ, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाहीये. मोहाचं एक जुनं झाड आमच्या मैदानाच्या कडेला होतं. ते कुणाच्या धुऱ्यावरचं असेल असा विचार आजपर्यंत केला नव्हता.


तिरकस
बुधवार, सकाळी ११:२०

मावशींचा प्रतिसाद पटला. माझा गोठा थोडा मागे घेतो, पूर्ण नाही.

पूर्ण का नाही, तर २०१९. त्याच कंबरलँडजवळ, लिंचच्या शेजारी. ब्लॅकज्वेल नावाच्या कोळसा कंपनीने जुलैत दिवाळखोरी जाहीर केली आणि कामगारांच्या खात्यात जमा झालेले पगार परत गेले. केलेल्या कामाचे पैसे! कोळशाने भरलेली गाडी निघाली तेव्हा कामगार रुळावर जाऊन बसले, खुर्च्या टाकून, तंबू ठोकून. आठवडेच्या आठवडे. युनियन नव्हती, कारण तोवर केंटकीत युनियनची एकही खाण उरली नव्हती. १९३१ मध्ये घर कंपनीचं होतं, २०१९ मध्ये घर स्वतःचं पण हप्ता बँकेचा. लगाम तोच, फक्त दुसऱ्याच्या हातात.

आपल्याकडे निदान १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या, त्यामुळे एक खाण बंद झाली तर माणसाची बदली दुसऱ्या खाणीवर होते. लिंचवाल्याला ती सोय नव्हती. हा फरक कमी समजू नका.


माजी_सरदार
बुधवार, दुपारी २:१५

तिरकस भाऊ, बदली होते हे खरं. माझी तीनदा झाली. पन मानसाची बदली होते, पोट्ट्याच्या शाळेची होत नाई, बायकोच्या शेजारनीची होत नाई. तिसऱ्या बदलीले बायको म्हने, मी आता नवीन कोनाशी बोलत नाई, चार वर्सानं पुन्हा सोडाच हाय.

आन् १९७३ च्या आधीचं आमच्या बाबानं पाह्यलं हाय, मालकाचं राज. थे सांगत, पगाराच्या दिवशी मुंशीच्या बाजूले सावकार बसे. इकडून मुंशी मोजे, तिकडून सावकार उचले. तुमच्या थ्या कंपनीच्या नान्यात आन् याच्यात फरक काय?

दमा मात्र कोनत्याच राज्यात सुटत नाई. मी दोन जिने चढलो का बसतो.


आगाऊ_कार्टा
बुधवार, दुपारी ३:००

काका, काळजी घ्या. खाणीच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, तिकडे त्याला ब्लॅक लंग म्हणतात ना? तो आता संपला असेल?


ओहायोची_मावशी
बुधवार, संध्याकाळी ६:४०

संपला नाही बाळा. १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं मेली, त्यानंतर १९६९ चा कायदा आला, धुळीवर मर्यादा आली, नुकसानभरपाई सुरू झाली, आजार खूप कमी झाला. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच केंटकी-व्हर्जिनियाच्या पट्ट्यात पुन्हा वाढलाय, आणि तरुण वयात. जाड थर संपले, आता पातळ थर काढताना आजूबाजूचा वालुकाश्मही कापला जातो. कोळशाच्या धुळीपेक्षा ती सिलिकाची धूळ फुप्फुसाला जास्त वाईट.

सरदार भाऊ, फुप्फुसाची तपासणी करून घेतलीत का? नुसता दमा म्हणून सोडू नका.


क्वार्टरकर
गुरुवार, पहाटे ५:३०

फोटो सापडला. पोर्टल ३१ चा नाही, बेनहॅमच्या कोळसा संग्रहालयातला आहे. ही इमारत म्हणजे बेनहॅमच्या कंपनीचं जुनं दुकान. (बेनहॅम इंटरनॅशनल हार्वेस्टरचं गाव, लिंचचं थोरलं भावंड.) जाता जाता, २०१७ मध्ये या कोळसा संग्रहालयाने वीजबिल परवडेना म्हणून छतावर सौर पॅनेल बसवले. अख्ख्या अमेरिकेने टिंगल केली. मला टिंगल करवत नाही, चंद्रपूरच्या लेकीचं पहिलं वीजबिल आठवतं.

तर फोटो. काचेआड पितळी बिल्ले आहेत, रुपयाएवढे गोल, वर भोक, मध्ये नुसता आकडा. नाव नाही. एकावरचा आकडा इतका घासलाय की तीन आहे की आठ ते कळत नाही. रोज खिशातून पाटीवर, पाटीवरून खिशात, अंगठ्याने झिजलेला. मी फोटो शंभर वेळा मोठा करून बघितला.

काका, तुमचं टोकन आहे का हो तुमच्याकडे?


माजी_सरदार
गुरुवार, सकाळी ७:१०

नाई ना. टोकन कंपनीचं असते. रिटायर झालं का जमा करा लागते, नाई केलं तं हिशोबातून पैसे कापते. मी शेवटच्या पाळीले दिवा दिला, टोकन घेतलं, मंग तसाच ऑफिसात जाऊन टोकनबी देऊन टाकलं. बाबू म्हने, सरदार, सही करा. त्यानं पावती देली.

पावती हाय माझ्यापाशी. लॅमिनेशन करून ठेवली. नंबर हाय तिच्यावर. नातू शनिवारी येते, तवा फोटो टाकतो.